बुंध्याभोवतीचं काँक्रीट काढताना

आवारातल्या झाडाचा शेंडा वाळतोय, पानं दरवर्षी बारीक होताहेत, तर खत टाकण्याआधी बुंध्याचा तळ बघा. बुंधा जमिनीत शिरताना रुंदावलेला दिसला पाहिजे. खांबासारखा सरळ आत गेला असेल, तर वर भराव पडलाय. आमच्याकडे नेमकं हेच होतं; वर पेव्हर ब्लॉक घट्ट बसवलेले. अन्न-पाणी शोषणारी बहुतेक मुळं वरच्या ४५ सेंटीमीटरमध्येच असतात, त्यांना हवा मिळत नव्हती.

चारही बाजूंनी किमान १ मीटर फरशी काढली. ब्रेकर अजिबात लावू नका, त्याने मुळांची साल सोलते, छिन्नी-हातोडीच बरी. भराव खुरप्याने, हलक्या हाताने, मुळांचा फुगवटा दिसेपर्यंत उपसला. अंगठ्याहून जाड मूळ तोडायचं नाही.

मग ७-८ सेंटीमीटर पालापाचोळा पसरला, बुंध्यापासून वीतभर लांब. चिकटून ढीग केला की साल ओली राहून कुजते, ही चूक सर्रास दिसते. पाणी आठवड्यातून एकदा, सावकाश, फांद्यांच्या घेराखाली.

नवी पालवी पुढच्या हंगामात येते. तोवर छाटणीची घाई नको.