मुलांच्या हॉर्मोन ओपीडीत लोकम (रजेवरच्या डॉक्टरांच्या जागी तात्पुरतं काम) करताय? या चुका टाळा

नाशकात पेडी एन्डोचे, म्हणजे मुलांच्या हॉर्मोनचे डॉक्टर मोजकेच, त्यामुळे टीचिंग हॉस्पिटलमधले सर किंवा मॅडम दोन-तीन महिने रजेवर गेले की बाहेरून कुणालातरी बोलवावंच लागतं, आणि येणारा माणूस बहुतेक वेळा मुंबई-पुण्याच्या मोठ्या युनिटमधला, हुशार, गाइडलाइन पाठ असलेला असतो. तरी गडबड होतेच. ती ज्ञान कमी पडल्यामुळे क्वचित होते, दोन गोष्टी जिथे जोडल्या जातात तिथे होते, म्हणजे बाटली आणि सिरिंज, लॅब आणि वॉर्ड, आणि सगळ्यात जास्त म्हणजे तुम्ही आणि तुमच्यानंतर येणारे. शुगरची, थायरॉइडची, सीएएचची (जन्मतःच अ‍ॅड्रिनल ग्रंथीत हॉर्मोन नीट न बनण्याचा आजार) ही मुलं पुढची कित्येक वर्षं याच ओपीडीत येणारेत, तुम्ही मात्र दिवाळीपर्यंत.

जॉइन होण्याआधीचं पटकन सांगतो. रजिस्ट्रेशन दुसऱ्या राज्याचं असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं काम आधी उरका, इंडेम्निटी पॉलिसी चालू आहे ना ते बघा, आणि ऑन-कॉल कोणाचा, रविवारी फोन कोण उचलणार, हे ऑर्डरमध्ये लिहून घ्या. "बघून घेऊ सर" एवढ्या भरवशावर जॉइन होऊ नका.

लाल टोपी, केशरी टोपी

आपल्याकडे रेग्युलर (लवकर लागू पडणाऱ्या) आणि एनपीएच (सावकाश लागू पडणाऱ्या) इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक ४० युनिट प्रति मिलीच्या, पेनची कार्ट्रिज आणि ग्लार्जिन (दिवसभर पुरणारं इन्सुलिन) १०० ची. सिरिंजही दोन, ४० ची लाल टोपीवाली आणि १०० ची केशरी. बाहेरच्या देशात शिकून आलेल्याला ४० ही भानगडच नवीन असते. आता १०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये दहाच्या रेघेपर्यंत ओढलं तर पोराला दहा नाही, पंचवीस युनिट जातात. उलट झालं, म्हणजे ४० ची बाटली आणि केशरी टोपी, तर दहाच्या जागी चारच. पहिल्यात रात्री शुगर उतरून फिट येऊ शकते, दुसऱ्यात पोरगं परत डीकेएत (इन्सुलिन कमी पडून रक्तात आम्ल वाढतं ती अवस्था).

म्हणून "शुगर कंट्रोलच होत नाही" म्हणून कुणी आलं की डोस वाढवायला पेन उचलू नका, आधी आईला म्हणा, ताई, पिशवीतली बाटली आणि सिरिंज काढा आणि माझ्यासमोर भरून दाखवा. मग कळतं की मेडिकलवाल्याने लाल संपली म्हणून केशरी दिलीय, किंवा बुडबुडा तसाच राहतोय, किंवा बेंबीच्या बाजूला एकाच जागी टोचून टोचून गाठ झालीय आणि पोराला तिथे दुखत नाही म्हणून तो तिथेच मागतो. गाठीत टोचलेलं इन्सुलिन नीट शोषलं जात नाही, आणि ती गाठ शर्ट वर केल्याशिवाय दिसत नाही. नुसते शुगरचे आकडे बघून डोस वाढवला आणि पुढच्या वेळी कुणीतरी जागा बदलून टोचलं, तर वाढवलेला डोस पूर्ण लागू पडतो, मग काय होणार ते सांगायला नको.

हाच घोळ वॉर्डात डीकेएच्या ड्रिपला होतो. ५० मिली सलाइनमध्ये ५० युनिट रेग्युलर, म्हणजे १ मिलीत १ युनिट, हे रेसिडेन्टला पाठ असतं, पण बाटली ४० ची असेल तर त्यासाठी १.२५ मिली लागतं. सवयीने अर्धा मिली ओढला की पंपात वीसच युनिट पडले, आणि मग पहाटे तीनला फोन येतो की सर, इन्फ्युजन चालू आहे पण शुगर हलत नाहीये, अ‍ॅसिडोसिसही तसाच. रेट वाढवायला सांगू नका, नवीन सिरिंज भरायला सांगा, बाटलीवरचा आकडा फोनवर मोठ्याने वाचून घ्या, आणि नळीतून थोडं द्रावण सोडून मग जोडा, कारण इन्सुलिन प्लॅस्टिकला चिकटतं.

बाकी डीकेएचं बहुतेकांना माहीत असतं तरी नवीन बॅचमध्ये दोन गोष्टी हमखास चुकतात. कॅज्युअल्टीत इन्सुलिनचा बोलस (एकदम मोठा डोस) देऊन टाकतात, तो मुलांमध्ये द्यायचा नाही, आधी फ्लुइड, त्यानंतर किमान तासाभराने ०.०५ ते ०.१ युनिट प्रति किलो प्रति तास. आणि शुगर उतरली म्हणून इन्सुलिन बंद करतात, तेव्हा डेक्स्ट्रोज (ग्लुकोजचं सलाइन) जोडायचं असतं, कारण आपण अ‍ॅसिडोसिस घालवतोय, शुगर नाही. डोकं दुखतंय म्हणणारं, गुंगीत जाणारं, पल्स मंदावणारं मूल दिसलं तर मेंदूला सूज आली असं धरून, सीटीची वाट न बघता मॅनिटॉल किंवा ३ टक्के सलाइन, आणि ते बेडजवळ आधीच काढून ठेवलेलं पाहिजे, स्टोअरच्या कुलपात नाही.

फाइल बदलायची घाई

नवीन माणूस आला की पहिल्या आठवड्यात सगळ्यांचं रेजिमेन बदलतो, हे मी बऱ्याच ठिकाणी बघितलंय. मिक्स इन्सुलिन (दोन प्रकार एकत्र) जुनाट आहे, बेसल-बोलस (दिवसभराचं एक आणि प्रत्येक जेवणाला वेगळं) चांगलं, कबूल, पण ते चार वेळा टोचणं आणि तितक्या वेळा शुगर बघणं सुरगाणा-पेठहून दिंडोरी-निफाडला द्राक्षबागेत छाटणीला आलेल्या जोडप्याला जमणारे का, स्ट्रिप कोण देणार, पोराला दुपारी बागेच्या कडेला कोण टोचणार, हे विचारल्याशिवाय बदललं तर पुढच्या महिन्यात ते घरचेच परत जुनं चालू करतात आणि सांगत पण नाहीत. उलट मिक्सवर ठेवायचं तर दुपारचं जेवण वेळेवर लागतं, आणि छाटणी किंवा काढणीच्या दिवसांत जेवण कधी होईल याचा नेम नसतो, तेही बघावं लागतं. आधीच्या डॉक्टरांनी काही कारणाने तसं ठेवलं असेल, फोन करून विचारायला काय जातं?

इन्सुलिन ठेवतात कुठे तेही विचारा. एप्रिल-मेमध्ये नाशकात पारा चाळिशीला टेकतो आणि पाड्यावर फ्रिज नसतो. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, बाटली डब्यात घालून आत, हा उपाय चांगला चालतो. ज्यांच्याकडे फ्रिज आहे ते बाटली बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवतात, गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यायचं.

हनिमूनबद्दलही सांगायला पाहिजे. निदान झाल्यावर काही आठवड्यांनी डोस एकदम कमी लागायला लागतो, घरचे म्हणतात साखर गेली, कुणीतरी काढा देणाराही त्याच वेळी भेटलेला असतो, आणि तुम्ही ओपीडीत चांगले आकडे बघून इन्सुलिन थांबवलं तर त्या काढ्यावर शिक्काच मारला. डोस कमी करा, बंद करू नका. तसंच पोरगं उलट्या करतंय, खात नाहीये म्हणून आजी इन्सुलिन द्यायचं थांबवते, तर आजारपणाचे नियम आजीला समोर बसवून सांगा, आईला सांगून भागत नाही.

दोन आठवड्यांचं सुकलेलं बाळ

उलट्या, वजन घटलेलं, सोडियम खाली, पोटॅशियम वर, आणि लेबल सेप्सिसचं. सीएएचचा सॉल्ट वेस्टिंग क्रायसिस (अंगातलं मीठ निघून जाऊन बाळ एकदम खालावणं) बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येतो आणि मुलगा असेल तर बाहेरून बघून सहसा शंकाही येत नाही. १७-ओएचपीचं (सीएएच ओळखायच्या तपासणीचं) सॅम्पल काढून ठेवा आणि लगेच हायड्रोकॉर्टिसोन द्या, अंगाच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने ५० ते १०० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर. सॅम्पल बाहेरच्या लॅबला जातं, रिपोर्टसाठी थांबणं म्हणजे बाळाशी खेळ. घरी सोडताना ताप आला तर गोळी दुप्पट-तिप्पट, उलटीत टिकत नसेल तर इंजेक्शन, हे मराठीत कार्डावर लिहून द्या, कारण रात्री ते जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जाणार, तुमच्याकडे नाही. फ्लुड्रोकॉर्टिसोन (अंगात मीठ धरून ठेवणारी गोळी) गावच्या मेडिकलमध्ये मिळेलच असं नाही, महिनाभराचा साठा सोबत द्या.

बाळ मुलगा की मुलगी हे सांगता येत नसेल तेव्हा राउंडवर अंदाज बोलू नका. घरचे दारात उभे असतात, तुमचं एक वाक्य गावात पोचतं आणि मग मागे घेता येत नाही. जन्मनोंद २१ दिवसांत करायची असते म्हणून दबाव येतो, तरी निदान होईपर्यंत "बाळ" एवढंच म्हणा, रेसिडेन्टलाही तेच सांगा. आणि टीचिंग हॉस्पिटल आहे म्हणून पंधरा विद्यार्थी पडद्याच्या आत घेऊ नका. प्युबर्टीची तपासणी असलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलीला तर तो दिवस आयुष्यभर लक्षात राहतो. दोघं पुरेत, तेही आईला आणि मुलीला विचारून. मोबाइलने फोटो अजिबात नाही.

रिपोर्टवरची रेंज

सेंट्रल लॅबच्या कागदावर बऱ्याचदा मोठ्या माणसाची रेंज छापलेली असते. वाढत्या मुलाचं अल्कलाइन फॉस्फेटेज त्यात हाय दिसणारच, त्यावर स्कॅन करत बसू नका. उलट पंधरा दिवसांच्या बाळाचा फ्री टी४ (थायरॉइडचा हॉर्मोन) त्या रेंजच्या खालच्या टोकाला असला आणि नॉर्मल म्हणून सोडला, तर नुकसान बाळाच्या मेंदूचं. जन्मजात हायपोथायरॉइडला (थायरॉइड कमी पडणं) थायरॉक्सिन रोज १० ते १५ मायक्रोग्रॅम प्रति किलो, पहिल्या दोन आठवड्यांत चालू. गोळी चुरून चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात, त्याच वेळी लोह-कॅल्शियमचे ड्रॉप नकोत, आणि चार दिवसांचं एकदम भिजवून ठेवायचं नाही.

उंचीचं तर काय बोलायचं, अंबाडा, रिबीन, चप्पल सगळं धरून मोजतात. ग्रोथ हॉर्मोनचा विषय काढण्याआधी स्वतः तीनदा मोजा, पाच वर्षांपुढे आयएपीचा (इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचा) २०१५ चा चार्ट वापरा, आणि निदान सहा महिन्यांच्या अंतराशिवाय ग्रोथ व्हेलॉसिटी (उंची वाढायचा वेग) काढू नका. म्हणजे तुमच्या मुक्कामात ती निघणारच नाही, आकडा स्वच्छ लिहून पुढच्याला द्या.

जातानाचं

शेवटच्या दोन आठवड्यांत ज्याचा रिपोर्ट तुम्ही गेल्यावर येणार अशी तपासणी पाठवायची तर रिपोर्ट कुणाच्या हातात पडणार ते नाव लिहून पाठवा, "डिपार्टमेंट" असं नको. पेंडिंगची यादी कागदावर करा, मुलाचं नाव, काय पाठवलं, कधी, आणि आकडा अमुकच्या वर आला तर काय करायचं. हे शेवटचं कुणी लिहीत नाही, आणि नवीन रेसिडेन्टला नेमकं तेच माहीत नसतं. घरच्यांना तुमचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर दिला असेल तर वॉर्डचा नंबरही त्याच कागदावर द्या, आणि निघायच्या आठवड्यात तो फोन लागतो का ते स्वतः लावून बघा, रात्री अकरा वाजता.