कॉकटील शेजाऱ्यांकडे ठेवताना: वाटी भरलेली, पक्षी उपाशी

लक्षण असं: आपण गावाला गेलो की कॉकटीलचं (तुरेवाल्या लहान पाळीव पोपटाचं) वजन उतरतं, विष्ठा कमी आणि गडद हिरवी होते, सांभाळणारे मात्र सांगतात, "वाटी तर भरलेली आहे."

मोठ्या वाट्या ठेवून पाहिल्या, जास्त दाणे घालून पाहिले. कोकणातल्या पावसाळी दमटपणात राळे बुरसले, वर तांबड्या मुंग्या. जीव नुसता टांगणीला लागायचा.

कारण साधं आहे. कॉकटील दाणा सोलून टरफल वाटीतच टाकतो. वरून वाटी भरलेली दिसते, खाली खायला काहीच नसतं.

उपाय क्रमाने. निघण्याआधी आठवडाभर पिंजरा शेजाऱ्यांकडे हलवा, पण खाणं तिथे जाऊन आपणच घाला. रोज सकाळी खाण्यापूर्वी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करून वहीत लिहा. पूर्ण वाढलेला पक्षी साधारण 80 ते 100 ग्रॅम भरतो. मग दर पक्ष्याला दिवसाला 15 ग्रॅम राळे-बाजरीच्या पुड्या करून हवाबंद डब्यात ठेवा. आपण गेल्यावर शेजाऱ्यांनी रोज वाटी पूर्ण रिकामी करून, कोरडी पुसून नवी पुडी ओतायची. जुन्यावर नवं कधीच नाही. वजनही रोज त्यांनीच करायचं. दहा टक्के घटलं की थेट पशुवैद्याकडे.

पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, मुंग्या चढत नाहीत. रात्री चार्जिंगचा मंद दिवा हवाच, कारण वीज गेली की कॉकटील अंधारात घाबरून पंख आपटतात. गणपतीत पिंजरा धूप-अगरबत्तीपासून लांब ठेवा. तापलेल्या नॉनस्टिक तव्याची वाफ तर पक्ष्याचा जीवच घेते.