कंटेनर ओढणाऱ्या घोड्याला कोणता क्राऊन-पिनियन?

कळंबोलीत जुना घोडा (ट्रेलर ओढणारी पुढची इंजिनवाली गाडी) घेताना किंवा मागच्या एक्सलचं हाउसिंग उघडल्यावर एक सल्ला हमखास मिळतो: ‘घाट आहे ना, मग मोठा आकडा टाका.’ आकडा म्हणजे एक्सलचा रेशो. हा सल्ला डिझेल खातो. भरलेली गाडी बोरघाटात किती वेगाने चढणार, हे वजन आणि हॉर्सपॉवर ठरवतात. रेशो बदलला की तोच वेग दुसऱ्या गिअरमध्ये मिळतो, एवढंच. म्हणून रेशो सपाटीवरच्या वेगावरून निवडावा आणि मग भरलेला ट्रेलर चढावर जागचा उचलता येतो का, ते तपासावं.

आधी गाडीत आत्ता काय बसलंय ते बघा. एक्सलमधल्या क्राऊनचे (मोठ्या दातेरी चक्राचे) दाते भागिले त्याला फिरवणाऱ्या पिनियनचे (छोट्या चक्राचे) दाते म्हणजे रेशो: ४१ आणि ७ असतील तर ५.८६, ४१ आणि ६ तर ६.८३, ३७ आणि ९ तर ४.११. हाउसिंगवरची रेशोची पट्टी गेली असेल तर सपाट जागेवर ट्रेलर सोडा, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. पुढच्या चाकांना आणि मागच्या एका बाजूला दोन्हीकडून पक्के ठोकळे लावा, दुसरी बाजू जॅकवर घेऊन स्टँड द्या आणि मगच हँडब्रेक सोडा. ब्रेकच्या टाकीत हवा कमी असेल तर हा ब्रेक सुटतच नाही, तेव्हा ती आधी भरून ठेवा. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून एक्सलला फिरवणाऱ्या दांड्याचे) फेरे मोजा. एक चाक जमिनीवर अडकलेलं असल्याने दोन फेऱ्यांत क्राऊन एकदाच फिरतो, म्हणून शाफ्टचे फेरे हाच रेशो. डिफरन्शियल लॉक (दोन्ही बाजूंची चाकं एकत्र बांधणारं) लागलेलं नसावं. हब रिडक्शनच्या (चाकाच्या हबमध्येही गिअर असलेल्या) एक्सलला नुसते दाते मोजून भागत नाही; हबमधला रेशोही गुणावा लागतो.

मग टायर. साइझवरून अंदाज नको. भरलेल्या गाडीच्या टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करून चाक एक पूर्ण फेरा पुढे न्या आणि अंतर टेपने मोजा. १०.००-२० ला हे साधारण ३.२ मीटर येतं. झिजलेल्या टायरवर मोजलं तर दोन-तीन टक्क्यांचा फरक पडतो.

आता हिशोब. ताशी वेगाला १००० ने गुणा, ६० ने भागा, टायरच्या घेराने भागा, मग टॉप गिअर आणि एक्सलच्या रेशोने गुणा; येतात ते इंजिनचे मिनिटाचे फेरे, म्हणजे आरपीएम. टॉप गिअर १.० धरला तर ६५ च्या वेगाला ५.८६ वर इंजिन १,९८० आरपीएमच्या आसपास, ४.११ वर १,३९०. जेएनपीटीहून (न्हावाशेवा बंदरातून) वापी-सुरतेकडे तासन्‌तास सरळ चालणाऱ्या गाडीला हा फरक रोज भरावा लागतो. याउलट जेएनपीटी–शिळफाटा–भिवंडी एवढ्याच फेऱ्या असतील तर वेग ४० च्या पुढे फारसा जातच नाही. तिथे ५.८६ वर इंजिन १,२२० ला आरामात चालतं, ४.११ वर मात्र ८५० ला गुदमरतं आणि ड्रायव्हर सारखा खालचा गिअर टाकत राहतो.

जागचं उचलणं तपासायला एक उदाहरण घेऊ: एकूण वजन ४५.५ टन, चढ १०० मीटरला ६ मीटर, इंजिनचा टॉर्क ८५० न्यूटन-मीटर. चढ आणि टायरचा विरोध मिळून साधारण ३,१०० किलोची ओढ लागते. क्लच सोडताना निम्माच टॉर्क हाताशी धरा, त्यातला १२ टक्के गिअर-बेअरिंगमध्ये जातो असं माना. पहिला गिअर गुणिले एक्सल निदान ४१ यायला हवा. सहा गिअरच्या बॉक्सचा पहिला गिअर ७ च्या आसपास असेल तर ५.८६ ने जेमतेम ४१ होतात. गाडी उचलेल, पण क्लच प्लेट जळेल, तिथे ६.१७ किंवा ६.८३ खरोखर हवा. नऊ गिअरच्या बॉक्सला क्रॉलर (सगळ्यात खालचा गिअर) १२.७ असेल तर ४.११ लावूनही ५२ मिळतात. अशा गाडीत मोठा आकडा टाकायचं कारण नाही. गिअरबॉक्स न बघता रेशो सांगणाऱ्याचं ऐकूच नये.

बदलताना कंपनीने त्या मॉडेलला मंजूर केलेलाच रेशो घ्या. ५.८६ वरून ४.११ वर गेलात तर तेवढ्याच ओढीला प्रोपेलर शाफ्ट आणि त्याच्या सांध्यातल्या क्रॉसवर १.४ पट टॉर्क येतो; कमजोर शाफ्ट घाटातच तुटतो. क्राऊन आणि पिनियन एकत्र घासून तयार झालेली जोडी असते, दोन्हींवरचा नंबर जुळलाच पाहिजे. एक जुना एक नवा चालत नाही. पिनियन बेअरिंगचा प्रीलोड (आधीच दिलेला ताण) स्प्रिंग काट्याने, बॅकलॅश (दात्यांमधली मोकळीक) डायल गेजने मोजा आणि आकडे त्या एक्सलच्या मॅन्युअलमधलेच घ्या. दात्यांना निळा रंग लावून फिरवल्यावर ठसा मधोमध यायला हवा. तो टोकाला सरकला असेल तर शिम (जागा जुळवणाऱ्या पातळ चकत्या) बदला. तसंच बसवलं तर आधी गुणगुण येते, मग दाते उडतात. क्राऊनचे बोल्ट नवे घ्या, तेल मॅन्युअलमधल्या ग्रेडचं जीएल-५ भरा. दोन ड्राइव्ह एक्सल असतील तर दोन्हींचा रेशो एकच हवा, नाहीतर दोघांमधलं डिफरन्शियल सतत फिरत राहून घासून जातं.

स्पीड सेन्सर गिअरबॉक्सच्या मागे असेल तर ५.८६ वरून ४.११ च्या बदलानंतर खऱ्या ८० ला काटा ५६ दाखवेल आणि स्पीड गव्हर्नरही ८० ला अडवणार नाही. गाडी रस्त्यावर काढण्याआधी अधिकृत वर्कशॉपमध्ये ईसीयूत (गाडीच्या संगणकात) नवा रेशो भरून घ्या आणि गव्हर्नर पुन्हा सेट करून घ्या.