पटावर बसल्यावर या चुका टाळा

मोहऱ्याला आधी हात लावायचा आणि विचार नंतर करायचा, ही बुद्धिबळातील सर्वांत चिवट वाईट सवय आहे. फिडेचा, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचा, नियम याबाबत स्पष्ट आहे: ज्याची पाळी आहे त्याने आपल्या मोहऱ्याला जाणूनबुजून स्पर्श केला आणि त्याची नियमानुसार चाल शक्य असेल, तर तोच मोहरा खेळावा लागतो, प्रतिस्पर्ध्याच्या मोहऱ्याला स्पर्श केला आणि तो मारणे शक्य असेल, तर तो मारावा लागतो. चुकून कोपर लागल्यास हा नियम लागू होत नाही. पटावरील घरात मोहरा तिरका उभा असेल, तर आपल्या पाळीत आधी ‘नीट करतो’ असे सांगून मगच हात पुढे करावा.

ही सवय वाढण्याचे एक कारण मला पडद्यावर दिसते. तेथे मोहरा उचलून पुन्हा त्याच घरात सोडला तरी बहुधा काही बिघडत नाही, त्यामुळे तेथेच खेळ शिकलेल्यांचा हात डोक्याच्या आधी धावतो. मित्रांच्या डावात चाल मागे घेण्याची मुभा ठेवण्यास माझी हरकत नाही, परंतु ती पहिल्या चालीपूर्वी ठरली पाहिजे आणि दोघांना सारखी मिळाली पाहिजे. वजीर अडकल्यानंतर आठवलेली सवलत मला मान्य नाही. चाल पक्की होईपर्यंत मी दोन्ही हात मांडीवर ठेवतो.

ऑनलाइन खेळातील मला सर्वाधिक खटकणारी चूक म्हणजे डाव हरत आल्यावर घड्याळ नुसते चालू ठेवून निघून जाणे. एकदा प्रत्येकाला १५ मिनिटे आणि प्रत्येक चालीमागे १० सेकंदांची भर अशा डावात माझ्या प्रतिस्पर्ध्याचा हत्ती गेला आणि ११ मिनिटे शिल्लक असताना त्याने खेळणेच थांबवले. मी बराच वेळ पटाकडे पाहत बसलो आणि शेवटी दारावरची हाक ऐकून उठलो. परत आलो तेव्हा त्याची चाल झालेली होती, माझ्या घड्याळात ४० सेकंद उरले होते आणि त्या घाईत माझा वजीर फुकट गेला. पराभवापेक्षा मला अधिक लागले ते हे, की माझ्या वेळेचा वापर माझ्याविरुद्ध केला गेला.

अवघड स्थितीत दीर्घ विचार करणे हा प्रत्येकाचा हक्क आहे, आणि समोरचा खरोखर विचार करतो आहे की नाही हे पलीकडून कळत नाही. म्हणून डाव चालू असताना मी संदेश पाठवून आरोप करत नाही, डाव संपल्यावर तक्रारीची सोय वापरतो. १५ मिनिटे अधिक १० सेकंदांच्या त्या प्रकारच्या डावाच्या ४० चाली दोघांनी पूर्ण वेळ घेऊन खेळल्या तर सुमारे ४३ मिनिटे लागतात, त्यामुळे तासभर मोकळा असल्याशिवाय मी तो सुरूच करत नाही. ‘पटकन एक डाव’ म्हणून बसणारे अधीर खेळाडूच बहुतेकदा मध्येच पसार होतात. याचा अर्थ प्रत्येकाने लवकर डाव सोडावा असा नाही. नवशिक्याने शेवटपर्यंत खेळावे, कारण पाळी असलेल्याला शह नसताना नियमानुसार एकही चाल न उरल्यास हरत आलेला डावही बरोबरीत सुटतो. मात्र खेळायचे तर चाली करत राहावे.

बरोबरीचा प्रस्ताव चाल केल्यानंतर आणि घड्याळ दाबण्यापूर्वी द्यावा, आणि नाकारला गेल्यास लगेच पुन्हा देऊ नये. प्रेक्षकाने तोंड उघडू नये. डाव चालू असताना संगणकाला चाल विचारणे ही सरळ फसवणूक आहे.

बुद्धिबळाखेरीज इतर पटांवरही अशा चुका होतात. फाशांच्या खेळात मेजाखाली पडलेला फासा ग्राह्य धरायचा की पुन्हा टाकायचा, हे आधीच ठरवावे. सर्वांनी मिळून जिंकण्याच्या खेळात अनुभवी खेळाडू प्रत्येकाची पाळी स्वतःच खेळू लागतो, तेव्हा इतरांच्या वाट्याला केवळ सोंगट्या सरकवणे उरते. अशा डावात कोणी विचारल्याखेरीज मी दुसऱ्याच्या पाळीत सल्ला देत नाही, समोर चूक होताना दिसली तरीही.