स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट डिप्लॉय करताना खात्याचा पासवर्ड कसा सांभाळावा

हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पेटी नेमक्या कोणत्या बागेतली, याची नोंद देवगडच्या एखाद्या बागायतदार गटाला इथेरियमवर, म्हणजे अनेक संगणकांवर मिळून चालणाऱ्या सामाईक नोंदवहीवर (ब्लॉकचेनवर), ठेवायची असेल, तर ती नोंद सांभाळणारा प्रोग्रॅम, म्हणजे स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, तिथे चढवणाऱ्या (डिप्लॉय करणाऱ्या) खात्याची आधी नीट व्यवस्था लावावी. खात्यावर खरा ताबा प्रायव्हेट कीचा, म्हणजे व्यवहारावर सही करणाऱ्या गुप्त आकड्याचा, असतो. पासवर्ड फक्त ती की ज्या कीस्टोअर फाईलमध्ये असते, त्या फाईलचे कुलूप उघडतो. तो विसरला तर बँकेसारखा नवा करून देणारे कोणी नाही.

प्रथम या कामापुरते वेगळे खाते उघडावे आणि त्यात गॅसला, म्हणजे व्यवहाराच्या शुल्काला, लागेल एवढेच इथर (इथेरियमचे चलन) ठेवावे. सराव सेपोलिया या टेस्टनेटवर, म्हणजे खरे पैसे न लागणाऱ्या चाचणीच्या जाळ्यावर, तोही निराळ्या खात्याने करावा.

फाउंड्री हे कॉन्ट्रॅक्ट तयार करून डिप्लॉय करण्याचे साधन वापरत असल्यास ‘कास्ट वॉलेट इम्पोर्ट’ या कमांडने की कीस्टोअरमध्ये घ्यावी आणि की व पासवर्ड दोन्ही विचारल्यावरच टाइप करावेत. कमांडच्या ओळीत ते लिहिले, तर टर्मिनलच्या हिस्टरीत राहतात, आणि कार्यालयातला संगणक चौघे वापरत असतील तर कोणाच्याही हाती लागतात. साध्या एन्व्ह फाईलमध्ये (प्रोग्रॅमच्या सेटिंग्जच्या मजकूर फाईलमध्ये) की ठेवण्याची सवय फार बोकाळली आहे; ती फाईल चुकून गिटमध्ये, म्हणजे कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत, कमिट झाली (नोंदली गेली), तर नंतर डिलीट करूनही जुन्या कमिटमध्ये तशीच राहते. नोडवर, म्हणजे इथेरियमच्या जाळ्यातल्या आपल्या संगणकावर, खाते अनलॉक करून ठेवणेही टाळावे, कारण तेवढ्या वेळात नोडपर्यंत पोचणारा कोणीही पासवर्डाशिवाय व्यवहार करू शकतो.

रिकव्हरीचे, म्हणजे ज्यांतून की पुन्हा मिळवता येते ते, बारा किंवा चोवीस शब्द मोबाईलच्या फोटोत नव्हे, कागदावर ठेवावेत. मात्र कोकणातल्या पावसाळ्यात कपाटातल्या कागदालाही बुरशी धरते आणि शाईच्या पेनाचे अक्षर फुटते, म्हणून पेन्सिलीने लिहून कागद प्लॅस्टिकमध्ये सीलबंद करावा. धातूवर कोरायचे असल्यास स्टेनलेस स्टीलच घ्यावे. खाऱ्या हवेत साधा लोखंडी पत्रा टिकत नाही. पासवर्ड याच्या शेजारी ठेवू नये.

डिप्लॉय झाल्यावर कॉन्ट्रॅक्टची मालकी तिघांपैकी दोघांच्या सह्या लागणाऱ्या मल्टिसिग खात्याकडे द्यावी.

पासवर्ड फुटल्याचा संशय आला, तर तो बदलून भागत नाही: फाईलची जुनी प्रत कोणाकडे गेली असेल, तर ती जुन्या पासवर्डानेच उघडते आणि आतली की तीच असते. नवे खाते काढून आधी कॉन्ट्रॅक्टची मालकी (ती अजून जुन्याच खात्याकडे असेल तर) हलवावी, मग शिल्लक, कारण शिल्लक आधी काढली तर मालकी हलवायला गॅसपुरतेही इथर उरत नाही.