सारवायचं की लिंपायचं?
खानापूरकडच्या आमच्या मातीच्या घरात या शब्दांची गल्लत आजीला खपत नसे. शब्द निवडताना आधी बघा, काय लावताय आणि कशावर. जमिनीवर पातळ शेणकाला हातानं फिरवला, की ते सारवणं. आमची कन्नड शेजारीणही ‘नेल सारिसु’च म्हणते, हे मला फार आवडतं. कुडाच्या भिंतीवर चिखल थापून भेगा बुजवल्या, तर ते लिंपणं. चुन्याचा किंवा सिमेंटचा थर दिला, तर गिलावा. अंगणात शेणपाणी नुसतं शिंपडलं तर तो सडा, त्याला सारवण म्हणू नका. पितळी पातेल्याला आतून कथील चढवतात ती कल्हई, दागिन्यावर सोन्याचा पातळ थर म्हणजे मुलामा. पखवाज मात्र चामड्यानं मढवतात.