पर्सेंटाइल राहू द्या, मेरिट नंबर सांगा

इंजिनिअरिंगच्या सीईटीचा निकाल लागला की आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत जिन्यातच गाठतात. "सर, ९६ पर्सेंटाइल पडलेत, पीआयसीटी कॉलेजला कम्प्युटर मिळेल का हो?" मी बारावीला गणित शिकवतो, नुसत्या ९६ वर काही बोलत नाही. ३ लाख मुलं बसली तर ९६ च्या पुढे १२ हजार असतात, ४ लाख बसली तर १६ हजार. पर्सेंटाइल तेच, रांगेत मात्र चार हजार जण पुढे घुसलेले.

म्हणून कॅपचा, म्हणजे राज्याच्या एकत्रित प्रवेशाचा, फॉर्म भरून राज्याचा मेरिट नंबर येईपर्यंत थांबा. मग ही प्रवेशप्रक्रिया चालवणाऱ्या सीईटी सेलच्या कटऑफच्या, म्हणजे कुठल्या नंबरापर्यंत जागा गेली त्याच्या, पीडीएफ उघडा. प्रत्येक चौकटीत मेरिट नंबर असतो, खाली कंसात पर्सेंटाइल. वरचा आकडा आपल्या कामाचा.

लोक चुकतात ते रकान्यात. रकान्याच्या नावातलं शेवटचं अक्षर एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, जिथे बारावी केली तिथली, ओ म्हणजे बाहेरची, एस म्हणजे राज्यस्तर. मुलगा पुण्याचाच, पण बारावी लातूरला केली असेल, तर पुण्यातल्या कॉलेजांसाठी त्याने ओ बघायचा! मुलगी असेल तर जीने (जनरल) सुरू होणाऱ्या रकान्याबरोबर एलने (लेडीज) सुरू होणाराही बघा. राखीव जागेचे कागद वेळेत मिळायची खात्री नसेल, तर हिशेब ओपननेच करा.

आता हव्या त्या ब्रँचचे मागच्या तीन वर्षांच्या शेवटच्या फेरीचे नंबर एका ओळीत लिहा. समजा ७६००, ८२००, ९१०० आले. तुमचा ७००० असेल तर निर्धास्त राहा. ८५०० असेल तर लागलं तर लागलं. ११००० असेल तर यादीत टाका, पण पेढे आणू नका. ब्रँचच्या जागा यंदा ६० च्या १२० झाल्या असतील तर हा हिशेब सैल होतो, तेवढं कॉलेजात विचारून घ्या. एआयच्या नव्या ब्रँचना तीन वर्षांचा इतिहासच नसतो. तिथे त्याच कॉलेजच्या आयटीवरून अंदाज बांधायचा.

पसंतीक्रम लावताना मात्र जपून. २०२५ मध्ये पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की जागा आपोआप फ्रीझ, म्हणजे तीच घ्यायची, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कुठलाही. यंदाचा नियम माहितीपुस्तिकेत वाचा. शेजारच्यांनी टाकलंय म्हणून एक नंबरला काही टाकू नका.